जुना पीसी सकाळी तिसऱ्या-चौथ्या खेपेला सुरू होतो? रॅमला रबर मारण्याआधी हे बघा

लक्षण असं. सकाळी बटण दाबलं की पंखे फिरतात, पुढचा हिरवा दिवा लागतो, पण मॉनिटर काळाच. बटण दाबून धरून बंद करायचं, पुन्हा लावायचं, पुन्हा काळं. तिसऱ्या, चौथ्या, कधी सातव्या खेपेला एकदम कंपनीचा लोगो येतो आणि मग दिवसभर काही तक्रार नाही. दुपारी जेवायला जाताना बंद केला आणि आल्यावर लावला, तर एका दमात सुरू. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिले पाढे पंचावन्न.

हे मशीन माझ्या मामांच्या डीटीपीच्या दुकानातलं, देवरुखजवळचं. २००९ साली जोडून घेतलेलं: कोअर टू ड्युओ, जी३१ चिपसेटचा मदरबोर्ड, एकेक जीबीच्या दोन डीडीआर२ रॅम, ३२० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज ७. नवा घ्या म्हणणं सोपं आहे. पण लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, ग्रामपंचायतीच्या नोटिसा असं चौदा वर्षांचं काम जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आहे. त्या फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा डोंगल, म्हणजे मशीनला लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही ती किल्ली, याच मशीनवर चालतो. म्हणून हे जगवायचं होतं.

पहिलं काम दुरुस्तीचं नव्हे. मशीन ज्या दिवशी सुरू होईल, त्या दिवशी बंद करण्याआधी सगळ्या फायली बाहेरच्या डिस्कवर काढून घ्या. मामांनी ‘उद्या करू’ म्हणत दोन महिने काढले होते. मी गेलो तेव्हा आधी ४० जीबी उतरवून घेतलं आणि मगच स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला.

आता, गाडी नेमकी कुठं अडते ते ठरवा. ‘पीसी चालू होत नाही’ या एका वाक्यात चार वेगळे आजार लपलेले असतात. बटण दाबून काहीच हलत नसेल, किंवा पंखा एकदा थरथरून थांबत असेल, तर संशय एसएमपीएसवर, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावर. पंखे फिरतात पण स्क्रीन काळी, हा मामांचा प्रकार, त्यावर पुढं सविस्तर. लोगो येतो आणि मग एफ१ दाबायला सांगतो किंवा बूट डिव्हाइस सापडत नाही म्हणतो, तर बोर्डवरच्या घड्याळाचा सेल, बूटचा क्रम (सुरू होताना मशीन आधी कुठली डिस्क वाचतं तो) नाहीतर डिस्क. आणि विंडोजचा लोगो येऊन तिथं लटकत असेल, तर डिस्क किंवा विंडोज.

लोक या चौथ्या प्रकारात फार फसतात. काळ्या स्क्रीनमुळे पाच वेळा बटण दाबून बंद केलेलं मशीन सहाव्या वेळी सुरू होतं, तेव्हा कधीकधी विंडोज ‘स्टार्टअप रिपेअर’ दाखवतं. दुरुस्तीला आलेला माणूस तेवढंच बघतो आणि म्हणतो, विंडोज करप्ट आहे, फॉरमॅट मारू. पण एखाद्या खेपेला विंडोज सुरू होत असतानाच घाईनं बटण दाबून वीज तोडली गेली, तर विंडोज ते दाखवणारच. तो आजाराचा परिणाम आहे, कारण नाही. लोगोच येत नसेल तर विंडोज अजून झोपेतून उठलेलंही नाही, त्याला दोष कसला? मामांच्या मशीनवर विंडोज याच कारणासाठी दोनदा नव्यानं टाकून झालं होतं.

खरी गंमत खोडरबराची. दुरुस्तीला येणारा मुलगा तालुक्याच्या गावाहून यायचा, पोचेपर्यंत अकरा-साडेअकरा. कॅबिनेट उघडायचा, रॅम काढायचा, सोनेरी दातांवर शाळेचा खोडरबर फिरवायचा, रॅम परत बसवायचा, बटण दाबायचा. सुरू! तीनशे रुपये. चार-पाच दिवस मशीन नीट, कधी दुसऱ्याच दिवशी रड सुरू. मुलगा लबाड नव्हता. त्याच्या डोळ्यांसमोर मशीन खरंच सुरू व्हायचं. पण तो येईपर्यंत मामांनी दहा-बारा वेळा बटण दाबलेलं असायचं, आणि ऊन चढून दुकान तापलेलं असायचं. रबर मारला नसता तरी तेव्हा ते सुरू झालंच असतं, असा माझा संशय.

संशय तपासायचा तर नोंद हवी. मामा दुधाचा हिशोब कालनिर्णयच्या चौकटींत लिहितात. मी फोनवर सांगितलं, ‘मामा, रोज सकाळी कितव्या खेपेला सुरू झाला, तो आकडा दुधाच्या खाली लिहा. आणि तोपर्यंत मशीनला कुणालाही हात लावू देऊ नका.’

‘अरे, आकडे लिहून मशीन बरं होतं काय?’

तरी लिहिले त्यांनी. दीड महिन्यानं पानं बघितली. डिसेंबरच्या सुरुवातीला २, ३, २. महिनाअखेरीला थंडी पडली तेव्हा ५, ७, ६. मध्ये दोन दिवस आभाळ भरून उकडत होतं, तिथं १ आणि १. मागच्या मे महिन्यात त्रास होता का विचारलं, तर मामा आठवून म्हणाले, ‘मेमध्ये नाही बुवा काही.’ मग पावसात? ‘पावसात होता, पण वेगळा. तेव्हा कितीही वेळा लावला तरी येत नसे, रबर मारला की मगच.’

इथं अर्धं निदान झालं. दोन वेगळे आजार एकाच लक्षणानं येत होते. पावसाळ्यात कोकणातली दमट हवा रॅमच्या दातांवर आणि स्लॉटमधल्या पट्ट्यांवर बसते, संपर्क तुटतो. तिथं रबर खरा उपाय. थंडीत मात्र मशीन बटण दाबून दाबून ‘तापवलं’ की सुरू होत होतं. थंड असताना रुसणारी आणि गरम झाल्यावर खुलणारी एक वस्तू बहुतेक जुन्या मदरबोर्डांवर असते: इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. दुरुस्तीच्या दुकानात जुनी माणसं त्याला कंडेन्सर म्हणतात.

त्याचं काम समजून घेतलं की हा आजार डोळ्यांसमोर उभा राहतो. एसएमपीएस बोर्डाला १२ व्होल्ट देतो, पण प्रोसेसरला लागतात सव्वाच्या आसपास. प्रोसेसरच्या शेजारची यंत्रणा १२ व्होल्ट अतिशय वेगानं तोडून-जोडून ते खाली आणते, आणि त्या तुटक प्रवाहाला सपाट करायचं काम कपॅसिटरांच्या रांगेचं. आत द्रव असतो. वर्षानुवर्षं उष्णतेत राहून तो वाळतो, बिघडतो, आतला अडथळा वाढतो. द्रव थंड असेल तर अडथळा आणखी जास्त. मग व्होल्टेज सपाट न राहता खडबडीत येतं आणि प्रोसेसर पहिलं पाऊलच टाकत नाही. पंखे मात्र थेट १२ व्होल्टवर चालतात, त्यांना याचा पत्ताही नसतो. म्हणून पंखा फिरतोय याचा अर्थ मशीन जिवंत आहे असा घेऊ नका. प्रत्येक फसलेल्या खेपेत थोडा प्रवाह वाहतो, कपॅसिटर थोडे तापतात, अडथळा उतरतो, आणि पाचव्या खेपेला काम भागतं.

वयाचं गणितही जुळतं. असे कपॅसिटर बरेचदा १०५ अंशांवर २,००० तास अशा हमीचे असतात. दर १० अंश कमी तापमानाला आयुष्य दुप्पट, हा ढोबळ नियम. कॅबिनेटमध्ये प्रोसेसरजवळ ६५ अंश धरले तर ३२,००० तास. दुकान रोज दहा तास, वर्षाचे तीनशे दिवस: साडेदहा वर्षं. २००९चं मशीन, त्यानं हिशोबापेक्षा जास्तच सेवा केली.

पण अंदाज आणि पुरावा वेगळा. जानेवारीत दोन दिवस मुक्कामाला गेलो, कारण मशीन बिघडलेल्या अवस्थेत, म्हणजे पहाटेच, तपासायचं होतं. दुपारी केलेलं मोजमाप या आजारात फुकट जातं.

पहिली चाचणी बिनखर्चाची, आणि माझ्या मते सगळ्यांत उपयोगी. पुष्कळ कॅबिनेटना आतला छोटा स्पीकर नसतोच. बोर्डवर चार पिनांची जागा असते, तिथं वीस-तीस रुपयांचा बझर लावा. मग सगळ्या रॅम काढून मशीन लावा. रॅम नाही म्हणून बोर्डानं बीप देऊन ओरडायला हवं. ओरडला, तर प्रोसेसर काम करतोय, बायॉस (विंडोजच्या आधी उठणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) चालतोय, वीज मिळतेय. संशय रॅमवर, स्लॉटवर, फार तर ग्राफिक्स कार्डावर. रॅम नसतानाही गप्प राहिला, तर रॅमचा संबंध नाही, कारण ओरडणाराच उठलेला नाही. पहाटे साडेसहाला मामांचं मशीन गप्प. तीनदा लावलं, तीनदा गप्प. अकरा वाजता तीच चाचणी, लांबलचक बीप. खोडरबर इथं निर्दोष सुटला. दोषीही नाही आणि डॉक्टरही नाही.

राहिले एसएमपीएस आणि बोर्ड. मल्टिमीटर असेल तर काळी वायर ऋण धरून मोजा: पिवळी १२ व्होल्ट, लाल ५, नारिंगी ३.३, आणि जांभळी ५, जी मशीन बंद असतानाही यायला हवी. पाच टक्क्यांची सूट असते, म्हणजे पिवळीवर ११.४ ते १२.६. जांभळी ४.७५च्या खाली असेल तर एसएमपीएस बदला. हिरवी वायर काळीला जोडून पंखा फिरवून बघायची युक्ती सगळ्यांना ठाऊक आहे, पण तिनं इतकंच कळतं की पंखा फिरतो. एसएमपीएसचा डबा उघडू नका. २३० व्होल्ट एसीचे आत सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतात आणि ते प्लग काढल्यावरही काही वेळ तिथंच बसून असतात.

मामांकडचे आकडे ठीक होते, पण साध्या मीटरला तो खडबडीतपणा दिसत नाही. म्हणून मी पुण्याहून चालू एसएमपीएस नेला होता, तो लावून बघितला. इथं माझी अर्धा तास फजिती झाली. २४ पिनांचा मोठा कनेक्टर लावला आणि प्रोसेसरजवळचा चार पिनांचा छोटा विसरलो. तो नसेल तरी पंखे फिरतात, स्क्रीन काळी, हुबेहूब तेच लक्षण! मामा चहा घेऊन आले आणि म्हणाले, ‘ही वायर अशी लोंबतेय ती तशीच ठेवायची का?’ ती लावली. तरी खेपा पाचच.

मग बोर्डाकडे नीट बघितलं. कपॅसिटर म्हणजे उभे छोटे डबे, डोक्यावर फुलीसारखी खाच असते. डोकं सपाट हवं. एसएमपीएसच्या सावलीत, प्रोसेसरच्या पंख्याला खेटून पाच जणांची रांग होती. टॉर्च तिरका धरला तेव्हा कळलं, तिघांची डोकी पुरीसारखी फुगलेली, एकाच्या खाचेतून तपकिरी खपली बाहेर आलेली. इतक्या वेळा कॅबिनेट उघडलं गेलं, तिथवर कुणाची नजर गेली नव्हती, कारण रॅम दुसऱ्या बाजूला असते. काही वेळा डोकं सपाट असूनही कपॅसिटर आतून संपलेला असतो, किंवा बुडातून रबर बाहेर येऊन डबा वाकडा उभा राहतो. तेव्हा फुगलेला दिसला नाही म्हणून सोडून देऊ नका. बुडाशी लावलेला पिवळट-तपकिरी डिंक मात्र गळती समजू नका.

खात्रीसाठी हेअर ड्रायर. प्लग काढलेला असताना फूटभरावरून त्याच रांगेवर दीड-दोन मिनिटं कोमट हवा सोडली, बंद केली, प्लग लावला, बटण दाबलं. पहिल्या खेपेला लोगो. दुसऱ्या पहाटे आधी फक्त रॅमच्या बाजूला हवा दिली. फरक नाही, काळी स्क्रीन. मग कपॅसिटरांवर, सुरू. ही दुसरी चाचणी टाळू नका, कारण कथलाचा सैल डागही गरम झाला की जुळतो, आणि सगळाच बोर्ड तापवला तर कशामुळे सुरू झालं ते कळत नाही.

कपॅसिटर बदलणं घरचं काम नाही, निदान पहिल्यांदा तरी. बोर्ड अनेक थरांचा असतो, आतला तांब्याचा थर उष्णता शोषून घेतो. रेडिओला डाग देणारी २५ वॉटची सोल्डरिंगची इस्त्री तिथलं कथील वितळवत नाही, आणि जोर लावला तर भोकातलं तांबंच उपटून येतं. गावातल्या इन्व्हर्टर दुरुस्त करणाऱ्याकडे ६० वॉटची होती आणि हात स्थिर होता. त्याला सांगायच्या गोष्टी चार: मायक्रोफॅरडचा (क्षमतेचा) आकडा तोच, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त, १०५ अंशांचा, आणि कमी ईएसआरचा, म्हणजे आतला अडथळा कमी असलेला. टीव्हीच्या डब्यातला ८५ अंशांचा साधा बसवला तर सुरू होईल, पण पुढच्या थंडीत पुन्हा भेट. उंची आणि जाडीही मोजून घ्या, नाहीतर प्रोसेसरवरचा कूलर बसत नाही. काढण्याआधी फोटो काढा, कारण कपॅसिटरवरचा पट्टा ऋण बाजूचा असला तरी बोर्डवरची रंगवलेली अर्धी बाजू काही बोर्डांवर उलटी असते. उलटा बसलेला कपॅसिटर फुटतो. पाचही बदलले. फुगलेल्या तिघांचे शेजारी त्याच वयाचे, त्याच उष्णतेतले. कपॅसिटर पुण्याहून नेलेले, मजुरी साडेतीनशे.

कूलर काढावाच लागला, तेव्हा त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधली उष्णता वाहणारी जुनी पेस्ट पुसून नवी लावली. या प्रोसेसरच्या कूलरला चार प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात. त्यांतली एक जरी पुरती बसली नाही तरी मशीन सुरू होऊन थोड्या वेळात गरम होऊन बंद पडतं. बोर्डाच्या मागून बघून चारही टोकं बाहेर आल्याची खात्री करा.

हातासरशी घड्याळाचा सेलही बदलला. सीआर२०३२, सगळीकडे मिळतो. मामा रात्री भिंतीवरच्या बोर्डावरून सगळं बंद करतात, चांगलीच सवय. पण प्लगला वीज असते तोवर घड्याळ त्यावर चालतं, बंद केली की सेलवर. त्यामुळे अशा घरांत सेल लवकर संपतो. ३ व्होल्टचा सेल २.७च्या आसपास आला असेल तर बदला. संपलेल्या सेलची खूण म्हणजे तारीख मागं जाणं. मग ब्राउझर प्रत्येक साइटवर कनेक्शन सुरक्षित नाही म्हणतो, कारण त्याच्या लेखी त्या साइटचं प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नसतं. लोक याला व्हायरस समजतात. शिवाय बायॉसच्या सेटिंग मूळपदावर जातात. बूटचा क्रम बदलतो आणि लावून ठेवलेला पेन ड्राइव्ह आधी वाचला जातो. काही बोर्डांवर डिस्कशी बोलायची पद्धत एएचसीआयवरून आयडीईवर जाते, आणि शेवटी ७बी असलेला आकडा दाखवत निळी स्क्रीन येते. तेव्हाही फॉरमॅट नको. बायॉसमध्ये जाऊन पद्धत पूर्ववत करा, विंडोज जसंच्या तसं उठेल.

डिस्कचं थोडक्यात. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ०५ आणि सी५ या ओळींतले कच्चे आकडे वाढत असतील तर डिस्क जाते आहे, सी७ वाढत असेल तर आधी डिस्कची साटा केबल बदला. जाणाऱ्या डिस्कवर विंडोजची चेकडिस्क तपासणी चालवू नका, आधी फायली काढा. आणि विंडोज १०च्या मशीनवर रीस्टार्ट नीट होतो पण शटडाउननंतर अडतो असं असेल, तर पॉवर ऑप्शन्समधलं फास्ट स्टार्टअप बंद करून बघा.

रबर मारायचाच तर पेन्सिलचा पांढरा मऊ रबर घ्या, शाईचा खरखरीत नको, सोन्याचा थर फार पातळ असतो. भुकटी पुसून काढा, तिच्यामुळेच पुढचा संपर्क अडतो. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल. आणि स्लॉट कोरड्या ब्रशनं साफ करा. अर्धी घाण तिथं असते, पण तिथं कुणी हात घालत नाही.

फेब्रुवारीपासून कालनिर्णयवर दुधाखाली ओळीनं १ आहे. मामांनी तीन महिन्यांनी लिहिणं सोडलं होतं. जुलैत एका सकाळी फोन आला. ‘नऊ वेळा लावला, काळाच. तुझे ते कंडेन्सर गेले वाटतं.’ म्हटलं, मामा, प्लग काढा, दोन्ही रॅम बाहेर काढा, पुन्हा लावा आणि फोन कॅबिनेटजवळ धरा.

बाहेर पाऊस कोसळत होता, तरी फोनमधून स्वच्छ ऐकू आलं. लांब बीप, थांबून पुन्हा लांब बीप.

‘आता काय करू?’

‘आता खोडरबर शोधा.’